आईची लोकर, शेजारची अंकोडी

बडोद्याला लोकरीची गरज ती किती! डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या तर स्वेटर कपाटातच राहतो. तरीही इथल्या मराठी घरांतून विणकामाची पिशवी कधी रिकामी नसे. बाळाच्या कुंचीपासून रुखवतातल्या तोरणापर्यंत बायकांचे हात चालूच. महाराणी चिमणाबाईंनी 1914 साली याच शहरात स्त्री उद्योगालय काढले, ते बायकांच्या हातांतल्या कसबाला चार पैशांचे मोल यावे म्हणून. आमच्या आईच्या कसबाला मोल कोणी दिले नाही, तिनेही ते मागितले नाही. ती गेली तेव्हा मागे एक कापडी पिशवी उरली. तीत लिंबाएवढे, आवळ्याएवढे लोकरीचे गुंडे. करडा वडिलांच्या मफलरचा, मोरपंखी बहिणीच्या स्वेटरचा, पिवळा माझ्या मुलीच्या कुंचीचा. एकाही गुंड्यात धड एक पायमोजा होईल एवढी लोकर नाही. आणि टाकून द्यायला हात होईना.

अकोट्यात आमच्या भिंतीला भिंत लागून एक गुजराती कुटुंब राहते. तिथल्या बेन हातकामात तरबेज. पिशवी पाहून म्हणाल्या, "साहेब, आ ऊन फेंकशो नहीं." गुजरातीत लोकरीला ऊन म्हणतात. माझी सहा वर्षांची नातही "पणजीचं ऊन" म्हणते, आणि माझ्या डोळ्यांपुढे आधी अंगणात पडलेले कोवळे ऊन येते. मग बेननी एक लांब सुई आणून दिली. एका टोकाला क्रोशासारखा आकडा, दुसऱ्या टोकाला टाके निसटू नयेत म्हणून बोंड. क्रोशा आणि विणकामाची सुई यांचे जणू लग्नच लागलेले. या प्रकाराला ट्युनिशियन क्रोशा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात त्याची मोठी हौस होती. इंग्रजी पुस्तके त्याला 'त्रिको' म्हणत, कोणी 'अफगाण' म्हणत. ट्युनिशियाशी त्याचे खरे नाते काय, याचा पुरावा मात्र पुढे आलेला नाही. नावे अशीच कुठून कुठून येऊन चिकटतात.

आकड्याच्या सुईला गुजरातीत 'अंकोडी' म्हणतात. इसवी सन 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात बडोद्याचे गाव 'अंकोट्टक' विभागातले म्हणून येते, आणि अंकोट्टक म्हणजेच आमचे अकोटा. अंकोट्टकात अंकोडी! व्युत्पत्तीच्या दृष्टीने यात काडीचा अर्थ नाही, पण मराठीच्या मास्तराला एवढी मौज माफ असावी.

चष्म्याचे घर करायचे ठरले. गरम भांड्याखालचे आसन मला करायचे होते, पण बेननी तिथल्या तिथे मोडता घातला. बाजारातली पुष्कळशी 'लोकर' अॅक्रिलिकची असते, ती तापलेल्या भांड्याखाली वितळते. तीस साखळ्या घातल्या. साध्या क्रोशात टाका तिथल्या तिथे पुरा होतो. इथे तसे नाही. उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक साखळीतून एकेक फास ओढून सुईवर तसाच ठेवायचा. तीस फास सुईवर जमले की येताना आधी एक, मग दोन-दोन करीत ते उतरवायचे. शेवटी सुईवर एकच उरतो. पुढच्या ओळीला समोर दिसणाऱ्या उभ्या दोऱ्याखालून सुई घालायची. काम उलटायचे मुळीच नाही. सुलट बाजू कायम आपल्याकडे. "जतां टांको लो, वळतां टांको मूको," बेन म्हणत, आणि माझा हात कापडाकडे गेला की, "फेरवशो नहीं, साहेब!"

हे विणकाम जाड, भरघोस होते. लोकर जास्त खाते आणि कडेला गुंडाळत जाते. म्हणून सुई नेहमीपेक्षा जाड घ्यावी लागते. चष्म्याच्या घराला मात्र तो जाडपणाच हवा, आणि चौकोन दुमडून शिवला की कडा आपोआप सरळ. येतानाची ओळ संपत आली, सुईवर शेवटचे दोन फास राहिले, की त्यांतून नवा रंग ओढायचा. असा करडा संपला तिथे मोरपंखी आला.

आईच्या तोंडी साखळी, खांब, मुका खांब हे शब्द सतत असत. ते मी ऐकले, पण हातांनी कधी शिकलो नाही. मुलगे शिकत नसत. आता तिचीच लोकर हातात घेऊन मी गुजरातीतून शिकत होतो. आमच्या शाळेत दर जूनला मराठी माध्यमाचा पट मोजताना छातीत जे होते, तसेच काहीसे इथेही झाले. पण शिकवणारीच्या भाषेतच कला घरात येते, याला इलाज नाही. जातानाच्या आणि येतानाच्या ओळीला आई काय म्हणाली असती? 'उचलणी' आणि 'उतरणी' हे शब्द मी योजले. कोशात घालण्यासारखे नाहीत, घरात चालतात.

नात शेजारी बसून सुईवरचे फास मोजते. एक, दोन, तीन करीत दहापर्यंत मराठी, मग अगियार, बार, तेर. मी टोकत नाही. परवा मात्र ती म्हणाली, "आजोबा, उतरणी करा ना पटकन." बावीस ओळींत घर पुरे झाले. पिवळी लोकर वीतभर उरली आहे. सुई शेजारी परत करायची आहे, पण त्याआधी बाहुलीचे पांघरूण झाले पाहिजे असा हुकूम आहे.