रंग एकसारखा बसावा म्हणून

आम्ही दोघे नवरा-बायको भोईवाड्यात चाळीच्या खोलीत चामड्याचे पट्टे आणि पाकिटे करतो. ओळखीची माणसे विचारतात, बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका म्हणून सांगितले, १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही ते त्यावर बोलले, आणि तुम्ही पुन्हा चामड्याला हात लावता? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या माणसांनी सोडली ती गावकीची लाचारी. इथे कामाचा दाम आम्ही मागून घेतो. मात्र दुकानदार पट्टा दाराशी उजेडात नेतो आणि एक फिकट चट्टा दिसला की नगामागे पैसे कापतो. चाळीस पट्ट्यांवर असे पैसे गेले तर महिन्याचे रेशन अडते.

पुष्कळांना वाटते, महागडा रंग आणला की झाले. आमचे मत उलट आहे. निम्मे काम रंगाची बाटली उघडण्याआधीचे. धारावीतून आणलेले कातडे पाठीकडे दाट असते, पोटाकडे सैल, आणि सैल भाग रंग जास्त पितो. म्हणून एका ऑर्डरचे सगळे पट्टे पाठीचेच कापावेत. पोटाकडचे तुकडे चावीच्या जुडग्यांना चालतात. चिकटवायच्या सोल्युशनचा थेंब पडला तर तिथे रंग शिरतच नाही, तेव्हा आधी रंग, मग चिकटवणे आणि शिवण.

रंगापूर्वी ओला स्पंज सबंध तुकड्यावर फिरवावा. चामडे दमट असले की एकच जागा रंग गटागटा पीत नाही. स्पिरिटचा रंग झटकन उडतो. फडका जिथे थांबला तिथे रेघ उठते. तो पातळ करून तीन हात द्यावेत, पहिला उभा, दुसरा आडवा, तिसरा गोल फिरवत, आणि मधे वाळू द्यावे. त्या वेळी खिडकी उघडी आणि स्टोव्ह बंद, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवावे. सगळ्या ऑर्डरचा रंग एकाच बाटलीत कालवावा. दुसऱ्या दिवशी कितीही मोजून केला तरी तो जुळत नाही.

बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याची एक खोड आहे. ओले असताना त्यावर लोखंडी कात्री टेकली तर काळा डाग उमटतो, कारण हिरड्याचा तुरटपणा आणि लोखंड मिळून चक्क शाई तयार होते. कोल्हापुरी चपलेचेही चामडे असेच कमावतात. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या रंगातला थोडा फरक गिऱ्हाईक हाताचे काम म्हणून कौतुकाने घेते, पण आमच्या पट्ट्यावर तोच फरक चालत नाही!

पावसाळ्यात एकेका हाताला सबंध दिवस जातो. उन्हाची घाई करू नये, चामडे वाकडे होऊन कडक पडते. गॅलरीत शेजारणीच्या कपड्यांपासून लांब, सावलीत टांगावे. वाळल्यावर पांढरा कोरडा फडका घ्यावा आणि त्याला रंग लागायचा थांबेपर्यंत घासत राहावे. हे कंटाळवाणे काम आम्ही आळीपाळीने करतो. मग तेलाचा हलका हात. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाला रंग लागला, तर दुकानदार पुढची ऑर्डर देत नाही.