‘तुम्हाला चालेल ना?’

मैत्रिणींनो, भाड्याचं घर शोधायला निघालं की दलाल तीन प्रश्न विचारतो. माणसं किती? डिपॉझिट किती देणार? आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, ‘घरी मासे-मटण करता का?’ दोन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवली सोडून मुंबईत यायचं ठरवलं, तेव्हा या तिसऱ्या प्रश्नापायी आमची दोन घरं हुकली. आम्ही दापोलीकडचे. खोटं बोलून घर मिळवलं असतं, तरी तव्यावरचा बांगडा थोडाच खोटं बोलणार होता!

शेवटी घर मिळालं ते माहीमला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एक खोली आणि स्वयंपाकघर. पाणी सकाळी दोन तास. भाडं २४ हजार! डोंबिवलीला १३ हजार भरत होतो. आकडा ऐकून माझ्या आईने कपाळाला हात लावला. पण तुम्ही-आम्ही घर चालवणाऱ्या बायका. आपण नुसतं भाडं बघत नाही, महिना बघतो. यांची नोकरी वांद्र्याला, माझी सकाळची अर्धवेळ शाळा दादरला. रिक्षा, रेल्वेचे पास आणि दमून आल्यावर विकत आणलेली पोळीभाजी, यांतच पाच-सहा हजार जात. ते वाचले. वाचलेल्या वेळात मी दुपारच्या शिकवण्या सुरू केल्या. वर्षाअखेर वही मांडली तर तोंडमिळवणी झाली होती, आणि मुलगा झोपायच्या आत त्याचे बाबा घरी दिसत होते ते वेगळंच.

आता वस्तीविषयी सांगते. बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला इतकी गर्दी, की भाजी आणायला निघायचं ते वेळ बघून. मेणबत्त्या घेऊन जाणाऱ्यांत कपाळाला कुंकू लावलेल्याही पुष्कळ. डिसेंबरात मखदूम शाहबाबांच्या दर्ग्याची जत्रा, त्यात चादरीचा मान पोलिसांचा. शीतलादेवीचं देऊळही जवळच. आणि ज्या लेडी जमशेटजी रस्त्यावर आम्ही बस पकडतो, तो ज्यांच्या नावाचा, त्या अवाबाई जमशेटजी पारशी. माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी ओलांडताना होड्या बुडत. सरकार खर्चाला तयार होईना, तेव्हा या बाईंनी पदरचे पैसे दिले आणि १८४५ साली माहीम कॉजवे खुला झाला. आमचे हे रोज त्यावरूनच कामाला जातात!

पण सगळं गोडगोड आहे असं समजू नका. आमच्या गॅलरीत गोव्याच्या आंटी, एक मल्याळी नर्सबाई आणि गुजराती बा. मी मासे तळायला घेतले की बा आपलं दार लोटून घेतात. तोंड मात्र वाकडं करत नाहीत. त्यांच्या उपासाच्या दिवशी मी माझी खिडकी लावून घेते. असं कुणी ठरवलेलं नाही, होऊन गेलं.

खरी वेळ आली ती गेल्या वर्षी. शेजारची खोली रिकामी झाली. घरमालक स्वतः जिने चढून आले आणि प्रत्येक दाराशी विचारू लागले, ‘मुसलमान कुटुंब आहे. तुम्हाला चालेल ना?’

तुम्ही म्हणाल, दर्गा हाकेच्या अंतरावर, आणि तरी हा प्रश्न? हो, तरीही. आमचा ११ महिन्यांचा करार पुढच्याच महिन्यात संपत होता. गावाहून आलेल्या सासूबाई आतून हळूच म्हणाल्या, ‘आपण बिऱ्हाडकरू. मालकांचं घर, मालक जाणोत. तू कशाला मध्ये बोलतेस?’ त्यांचं काही अगदीच चुकीचं नव्हतं. मालकांना दुखवून भाडेकरूचं भागत नाही. पण तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. त्या दोन हुकलेल्या घरांच्या जिन्यांवरही असंच कुणीतरी दारोदार विचारलं असेल, आणि दारांतल्या बायका गप्प राहिल्या असतील.

मी म्हटलं, ‘चालेल की! विचारायचंच असेल तर एवढं विचारा, पाण्याच्या वेळेला उठतात ना?’ मालक हसले नाहीत. पुढचे पंधरा दिवस मी करारावर सह्या होईपर्यंत जीव मुठीत धरून होते.

कुटुंब आलं. निघालं दाभोळचं! त्यांच्या आजी आणि आमच्या सासूबाई यांची बोली एकच. पहिल्या महिन्यात दोघी कडाडून भांडल्या. धर्मावरून नव्हे हो, कपड्यांच्या दोरीवरून! आता कोळीण आली की दोघी मिळून भाव करतात.

मात्र शेजार चांगला म्हणून कागद कच्चा ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही. डिपॉझिटची रक्कम, परत मिळायची मुदत, रंगकाम कुणाकडे, भाडं किती वाढणार, हे सारं त्यात लिहून घ्या. आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपल्यावर जागा अडवून बसू नका, दुप्पट रक्कम भरावी लागू शकते.

आमचाही करार पुन्हा संपत आला आहे. भाडं वाढेल, कदाचित बाडबिस्तरा उचलावाही लागेल. भाड्याच्या भिंती आपल्या नसतातच. पण शेजारची खोली रिकामी होईल आणि तुमच्या दाराशी येऊन कुणी ‘चालेल ना?’ असं विचारेल, तेव्हा ते उत्तर मात्र सर्वस्वी तुमचं असतं. ते जपून द्या. गावात दुसरीकडे कुठेतरी तुमच्याच नात्यागोत्यातली एखादी पोर डिपॉझिटचे पैसे पर्समध्ये घेऊन जिन्याखाली उभी असेल.