घडलं कधी, कळलं कधी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आम्हाला निरीक्षण शिकवतात. पेशंट 'बरं आहे' म्हणतो तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली आहे का, कूस बदलताना तो पोट धरतो का, श्वास घेताना नाकपुड्या फुलतात का, हे सगळं न विचारता टिपायचं. अशी तयार झालेली नजर पेशंटपुरती राहत नाही. वॉर्डच्या इन्चार्जवरही ती असतेच. मी इन्चार्ज झाले तेव्हापासून माझाही एक टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, वॉर्डात रोज भरला जातो, फक्त तो माझ्या हाती येत नाही. नव्या मुलीला जुनी सिस्टर पहिल्याच आठवड्यात सांगते, 'आधी चेहरा बघ, मग सांग.' हे वाक्य मी बऱ्याच वॉर्डांत ऐकलं आहे. इन्चार्ज बदलते, सल्ला तोच राहतो.

आपण कसे आहोत हे कळण्यासाठी हल्ली ट्रेनिंगमध्ये प्रश्नावल्या भरून घेतात. तुम्ही लवकर चिडता का, इतरांचं ऐकून घेता का. माझा त्यावर फारसा भरवसा नाही, कारण त्यात माझ्याविषयी मलाच विचारलेलं असतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये 'जोहारी खिडकी' मांडली. तिच्या चार खणांपैकी एक असा, की त्यातलं इतरांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. तो खण इतरांनीच उघडायचा असतो. पण ज्यांची रजा माझ्या सहीवर अवलंबून आहे, त्या मुली तो आपणहून का उघडतील?

म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली. एका साध्या वहीत दोन रकाने आखले: घडलं कधी, कळलं कधी. सलाइन शिरेबाहेर जाऊन हात सुजला, औषधाची वेळ चुकली, नातेवाइकांशी खटका उडाला, काहीही असो. चूक कोणाची हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. काही महिन्यांनी पानं उलटली तर दोन रकान्यांमधलं अंतर सारखं नव्हतं. ड्यूटी लिस्ट लावायच्या दिवसांत ते वाढायचं. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात तर फारच वाढायचं, सकाळची गोष्ट संध्याकाळी कळायची आणि तीही मावशींकडून. तेव्हा मी कोणावर ओरडत होते असं नाही. मी भराभर चालत होते आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'हं, पुढे' म्हणत होते. एवढं पुरतं. मला घाई असते तेव्हा मी कशी असते, हे त्या वहीइतकं स्पष्ट मला कोणी सांगितलं नव्हतं.

एमी एडमंडसन यांचा अभ्यास पुढे वाचला तेव्हा या रकान्यांचा अर्थ जास्त खोल गेला. रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवरचं त्यांचं हे काम १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथली टीम चांगली तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. त्याचं कारण त्यांना मोकळेपणात सापडलं. त्या वॉर्डांमध्ये चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. तेव्हापासून इन्सिडेंट रिपोर्ट कोरा आला की मला काळजी वाटते.

कोविडच्या काळात आणखी एक गोष्ट उघड झाली. पीपीई घातल्यावर आम्ही सगळ्या सारख्याच, पाठीवर मार्करनं नाव लिहिल्याशिवाय ओळखू येत नव्हतो. माझा चेहरा झाकला गेला आणि मुली गोंधळल्या. साधं 'मॉनिटर बघ' म्हटलं तरी विचारायच्या, 'सिस्टर, रागावलात का?' मास्कमधून आवाज पोचावा म्हणून तो चढवावा लागायचा, आणि चढलेल्या आवाजाला सावरून घेणारा चेहरा दिसत नव्हता. एरवी आपलं किती काम भुवया आणि ओठांचे कोपरे करत असतात, हे मला तेव्हा उमगलं. मग मी बोलून दाखवायला लागले: 'रागावले नाहीये, घाई आहे.' ती सवय मास्क उतरल्यावरही मी सोडली नाही. खोटं हसू आणण्यापेक्षा हे बरं, कारण खोटं हसू नर्सच्या नजरेतून सुटत नाही.

पेशंट कोलॅप्स होतो तेव्हा मात्र गोड बोलत बसायला वेळ नसतो. 'अँब्यू दे. अॅड्रिनलिन भर. तू कॉम्प्रेशन घे.' या तुटक आवाजाचं कोणालाही वाईट वाटत नाही, कारण तो आवाज कामावर असतो. तोच आवाज नंतर नर्सिंग स्टेशनवर माणसाकडे वळला की लागतो. म्हणून काही बिघडल्याचं कानावर आलं की माझा पहिला प्रश्न 'पेशंट कसा आहे?' हाच. 'ड्यूटीवर कोण होतं?' हा प्रश्न बराच नंतरचा, आणि पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही.

एकदा रात्री फोन आला. नवीनच लागलेली मुलगी. 'सिस्टर, पोटॅशियमची ऑर्डर आहे. पाचशेच्या बाटलीत चार अँप्यूल लिहिलीत. मला जास्त वाटतंय.' पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलीच्या एका अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, आणि ते प्रमाणाबाहेर किंवा भराभर गेलं तर हृदय थांबू शकतं. मी म्हटलं, 'जास्तच आहे. डॉक्टरांना फोन कर, ते बघेपर्यंत लावू नकोस.' ऑर्डर बदलून एक अँप्यूल झाली. वहीत त्या ओळीतल्या दोन वेळा जवळजवळ लागून आहेत. आपण हजर असताना जे होतं ते आपण नसतानाही कसं होईल हे बघणं, हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये व्यवस्थापनाचा गाभा मानला होता. रात्रपाळीची मुलगी एकटी असते. माझी तिला किती भीती वाटते आणि किती आधार वाटतो, याची परीक्षा तिथे होते.

जुन्या ड्यूटी लिस्टही प्रत्येक इन्चार्जनं अधूनमधून काढून बघाव्यात. आपण सगळ्यांना सारखं वागवतो असं आपल्याला मनापासून वाटत असतं. पण गणपती, दिवाळीच्या तारखांवर बोट ठेवून नावं वाचली की दिसतं, जी मागत नाही तिच्याच वाट्याला सण येतो.

सध्या माझ्यानंतर इन्चार्ज होणाऱ्या सिस्टरला मी तयार करते आहे. स्वभावानं फार मऊ, आवाज कधी चढत नाही. तिच्याकडे सगळं लगेच पोचत असेल, असं मी धरून चालले होते. मी रजेवर असताना तिनंही रकाने भरले, आणि तिच्या वहीतलं अंतरही कमी नव्हतं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, 'सिस्टर साध्या आहेत हो, त्यांना कशाला त्रास द्यायचा.' तिला जपायला म्हणून मुली आपसात निस्तरत होत्या. चांगुलपणाआडही बातमी अडते, हे माझ्या अनुभवाला नवीन होतं आणि तिला तर ते मान्यच होईना. आता पाळी बदलताना ओव्हर देऊन-घेऊन झाला की ती वही मिटायच्या आधी विचारते, 'मला सांगायचं काय राहिलं?' पहिले काही दिवस सगळ्या गप्प. मग मावशींनीच सुरुवात केली. बाथरूमच्या दारापाशी फरशी ओली राहते, सात नंबरच्या आजी काल घसरता घसरता वाचल्या.