जिनोआ ते कीओकक : शिंपल्यांच्या नदीकाठाने

विस्कॉन्सिन राज्याच्या पश्चिम सीमेवर मिसिसिपी नदी उंच कड्यांमधून दक्षिणेकडे वाहते. तिच्या पूर्व काठाने जाणारा रस्ता जिनोआ या लहानशा गावाजवळ ज्या मत्स्यबीज केंद्रापाशी येतो, ते १९३२ साली मासे वाढवण्यासाठी उभारले गेले असले, तरी आज गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या पैदाशीसाठीही ओळखले जाते. शिंपल्यांच्या संशोधनाचा माग घेणाऱ्या प्रवाशाने नदीच्या प्रवाहाबरोबर येथून निघावे हे सोयीचे ठरते. कारण या काठावर विज्ञानाचा आजचा टप्पा उत्तरेला, तर त्याची मुळे दक्षिणेला आहेत.

केंद्रातील टाक्यांमध्ये प्रथम दिसतात ते मासेच, आणि शिंपल्यांच्या शोधात आलेल्याला ते अनपेक्षित वाटले तरी शिंपल्याच्या जीवनक्रमाचे सारे मर्म तेथेच आहे. युनिओनिडी कुळातील शिंपल्याची मादी आपल्या कल्ल्यांत, म्हणजे श्वसनाच्या पडद्यांत, हजारो अंडी उबवते आणि त्यांतून बाहेर पडणारी ‘ग्लोचिडियम’ नावाची सूक्ष्म अळी एखाद्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटली तरच जगते. माशाची त्वचा तिच्याभोवती वाढून एक पुटी तयार होते, त्या पुटीत काही आठवडे परजीवी म्हणून राहून अळीचे रूपांतर होते आणि मग बाळशिंपला सुटून तळाच्या वाळूत पडतो. कोणत्या शिंपल्याला कोणता मासा चालतो हेही बहुधा ठरलेले असते. पॉकेटबुक या शिंपल्याच्या मादीच्या प्रावाराची, म्हणजे शिंपेच्या आतून शरीर झाकणाऱ्या मऊ पटलाची, कड बाहेर येऊन डोळ्याच्या ठिपक्यासह आणि शेपटीसह हुबेहूब लहान माशासारखी हलते. भक्ष्य समजून झडप घालणाऱ्या माशाच्या तोंडावरच ती अळ्यांचा लोट सोडते. डोळे नसलेल्या प्राण्याने माशाच्या डोळ्याला फसवावे, याहून विलक्षण गोष्ट नदीत क्वचितच पाहायला मिळेल.

जिनोआ येथे हेच काम माणसाच्या हातांनी होते. ‘हिगिन्स आय’ हा शिंपला १९७६ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. पुढे १९९१ च्या सुमारास झेब्रा म्युसल हा युरोपातून आलेला आगंतुक शिंपला या भागात पोहोचला आणि चिवट धाग्यांनी स्थानिक शिंपल्यांच्या पाठीवर थरावर थर बसवून त्यांची उघडझाप बंद करू लागला. त्यामुळे वॉलआय, बास अशा माशांच्या कल्ल्यांवर हिगिन्स आयच्या अळ्या बसवून ते मासे नदीत पिंजऱ्यांत ठेवण्याची, आणि पिंजऱ्याच्या तळाशी गळून पडलेली पिल्ले वाढवून सुरक्षित पात्रात सोडण्याची पद्धत येथे रुजली.

नदीबरोबर आयोवा राज्यात उतरल्यावर डॅव्हनपोर्टपासून एक चमत्कारिक वळण लागते : मिसिसिपी येथे काही अंतर पश्चिमेकडे वाहते आणि मस्कटीनपाशी पुन्हा दक्षिणेला वळते. या पट्ट्यातील फेअरपोर्ट हे गाव वाहनातून सहज मागे पडण्याइतके लहान आहे. परंतु शिंपल्यांच्या विज्ञानात त्याचे स्थान मोठे आहे. अमेरिकी काँग्रेसने १९०८ साली येथे जीवशास्त्रीय केंद्र मंजूर केले, आणि मिसूरी विद्यापीठाच्या जॉर्ज लफेव्हर व विंटरटन कर्टिस यांच्या प्रयोगांवर आधारून कोणती अळी कोणत्या माशावर वाढते याचा पद्धतशीर शोध सुरू झाला. पूर ओसरल्यावर डबक्यांत अडकलेले मासे गोळा करायचे, त्यांच्यावर अळ्या बसवायच्या आणि त्यांना मुख्य पात्रात सोडायचे, अशी मोहीम या केंद्राने वर्षानुवर्षे राबवली. माशाला वगळून, केवळ पोषक द्रावणात अळी वाढवण्याचा प्रयोग मॅक्स एलिस यांनी १९२६ साली प्रसिद्ध केला, आणि आजच्या प्रयोगशाळांतील तशा पद्धतींचा तो पूर्वज होय. फेअरपोर्टच्या तळ्यांत आता मासे वाढवले जातात.

एवढा खर्च सरकारने शिंपल्यांवर का करावा, याचे उत्तर पुढच्याच मस्कटीन शहरात मिळते. जर्मनीतून आलेला बटण-कारागीर जॉन बेपल याने १८९१ साली येथे कारखाना काढला. आदल्याच वर्षी परदेशी बटणांवर जबर जकात बसली होती आणि नदीचा तळ जाड, मोतिया झाक असलेल्या शिंपांनी भरलेला होता. १९०५ साली या एका शहरातून सुमारे दीडशे कोटी बटणे बाहेर पडली. येथील संग्रहालयात ठेवलेली एखादी शिंप हातभर अंतरावरून पाहावी : नळीच्या आकाराच्या करवतीने तिच्यातून सारख्या मापाच्या चकत्या कापून घेतल्यामुळे तिच्यात गोल भोके उरली आहेत, आणि भोकांमधली जागा इतकी अरुंद आहे की कापणाऱ्याने शिंपेचा कण वाया जाऊ दिला नसावा. शिंपला मात्र अमाप वाया गेला. होडीमागून ओढलेल्या आकड्यांच्या दांडीवर उघडे शिंपले आपोआप मिटत व अडकत, आणि त्यांत लहान-मोठे असा भेद नसे. काठावर ते उकडून मांस काढले जाई आणि एखादा मोती हाती लागतो का ते पाहून पुष्कळदा ते डुकरांना घातले जाई. उत्तरायुष्यात फेअरपोर्टच्या केंद्रासाठीच काम करणारा बेपल नदीत पाय शिंपेने कापून झालेल्या जंतुसंसर्गाने १९१२ साली वारला.

प्लास्टिकने बटणांचा धंदा संपवला, तरी शिंपेची मागणी संपली नाही. जपानी मोतीशेतीत कालवाच्या शरीरात बसवला जाणारा गोल मणी, ज्याभोवती मोत्याचे थर चढतात, तो मिसिसिपी व टेनेसी खोऱ्यातील जाड शिंपांपासूनच घडवला जाऊ लागला. भारतात भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या शिंपल्यावर मोती पिकवण्याचे तंत्र विकसित केले. हा शिंपला महाराष्ट्राच्या नद्यांतही सापडत असल्याने मिसिसिपीकाठच्या या माहितीकडे मराठी वाचकाने परकी म्हणून पाहण्याचे कारण नाही.

प्रवासाचा शेवटचा टप्पा कीओकक. येथे १९१३ साली पूर्ण झालेले जलविद्युत धरण नदीला आडवे पसरले आहे, आणि त्याच्या बाजूला बोटींना पाण्याच्या पायऱ्यांप्रमाणे वर-खाली नेणारी ‘लॉक’ ही दरवाजांची कुंडी आहे. इबनीशेल हा बटणवाल्यांचा आवडता, जाड कवचाचा शिंपला स्किपजॅक हेरिंग या स्थलांतर करणाऱ्या माशावर अवलंबून असतो, हे नाते फेअरपोर्टचे संशोधक ज्या वर्षांत उलगडत होते, त्याच वर्षांत या भिंतीने त्या माशाची वरची वाट अडवली. केंद्राचे रॉबर्ट कोकर यांनी १९१४ सालीच जलविद्युत विकासाचा मासे आणि शिंपले या दोहोंशी असलेला संबंध एकत्र मांडला होता. त्या काळाचा विचार करता ही दृष्टी असामान्य म्हणावी लागेल. शिंपला दीर्घायुषी असल्याने धरणाच्या वर इबनीशेलची म्हातारी खोडे दशकानुदशके सापडत राहिली. पण त्यांच्यामागे नवी पिढी आली नाही. खालच्या मिसिसिपीत आणि टेनेसीच्या पात्रात, जेथे हेरिंग अजून पोहोचतो, तेथे हाच शिंपला आजही टिकून आहे.