मातीमोल

‘मातीमोल’ हा शब्द ज्याने प्रथम वापरला, त्याने स्वतः कधी माती मळली नसावी. ती चाळायची, भिजवायची, मळून मळून तिच्यातली हवा काढायची, मग कुठे चाकाशी बसायचं! हे सारं मला पुन्हा आठवलं, ते दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात प्रदर्शनासाठी चाळीस पेले मांडायचं ठरलं आणि प्रत्येकापुढे किमतीची चिठ्ठी ठेवायची वेळ आली तेव्हा.

मध्ये बरीच वर्षं गेली होती. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फुटांची. पाणी ५५ फुटांच्याही वर चढलं. नदीकडच्या आमच्या घरात चाक बुडालं, विजेची भट्टी बुडाली. पाठोपाठ २०२०ची टाळेबंदी, २०२१ला पुन्हा पूर. चाक फिरू लागलं ते अलीकडेच.

पूर्वी पाव तासात उठणाऱ्या पेल्याला आता अर्धा तास लागतो. त्या जादा वेळाचे पैसे कुणी द्यायचे? गिऱ्हाइकाने खचितच नाही. माझ्या हातावर चढलेला गंज त्याच्या माथी कशाला? पण दहा पेले भट्टीत घातले की दोन-तीन तडकतात, त्यांचा खर्च मात्र धड निघालेल्यांनीच उचलायला हवा. माती, झिलई, वीज, फूटतूट आणि सराईत हाताला लागेल तेवढीच मजुरी धरून बेरीज आली साडेतीनशे.

घरात सारे चपापले. “अगं, दीडशे लाव,” हे म्हणाले, “तुला काही त्यावर घर चालवायचं नाही.”

हेच मी कुंभार गल्लीतल्या मामांना सांगितलं. माती मी त्यांच्याकडूनच आणते. मामा हसले नाहीत. म्हणाले, “ताई, तुम्ही दीडशेला द्याल. उद्या गिऱ्हाईक माझ्या दारात म्हणंल, शिकलेल्या बाईंचा पेला दीडशेला, मग तुझा पन्नासला का न्हाई?”

माझ्या संकोचाची किंमत त्यांच्या चुलीने भरायची होती तर!

आमच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननातल्या वस्तू आहेत. सातवाहनकाळच्या वस्तीबरोबर तिथे मातीची भांडीही सापडली. अशा भांड्यांना आपण अमोल म्हणतो. म्हणायला काय जातं? ती घडवणारा कुंभार आता पैसे मागायला येत नाही. जो आज चाकाशी बसला आहे, त्याला ‘अमोल’ म्हणून भागत नाही; आकडा सांगावा लागतो.

चाळीसही चिठ्ठ्यांवर मी साडेतीनशे लिहिले. किती पेले जातील ते जावोत.

नंतर दिवाळीच्या पणत्या आणायला मामांकडे गेले. डझनाचा त्यांनी सांगितला तोच भाव दिला. मामांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि माझ्या पिशवीत आणखी दोन पणत्या घातल्या. त्यांचा भाव मात्र मी विचारला नाही.