अंग चोरणारं सील

विहीर खोदणाऱ्या ट्रायकोन बिटच्या तिन्ही कोनांना आपापलं बेअरिंग असतं आणि प्रत्येक बेअरिंगच्या तोंडाशी रबराची एक ओ-रिंग. बाहेर मड म्हणजे खोदताना फिरवत ठेवलेला चिखल, वाळू, दगडाचा चुरा, आत ग्रीस. राजमुंद्रीकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या रिगवर ड्रिलिंग इंजिनिअर होतो तेव्हा या कडीने माझी जेवढी झोप खाल्ली, तेवढी वरच्या अवजड यंत्रांपैकी एकानेही खाल्ली नाही.

सील गेलं की मड आत शिरतो, बेअरिंग खलास होतं आणि कोन डुगडुगायला लागतो. वेळेत कळलं नाही तर कोन तुटून विहिरीच्या तळाशी पडतो. मग तो काढायला चुंबक नाहीतर जंक बास्केट सोडत बसायचं. वेळेत कळलं तरी तीन-साडेतीन किलोमीटर पाइप बाहेर ओढायचा, बिट बदलायचं, पुन्हा सगळा आत घालायचा. तेवढा वेळ खोदकाम शून्य, रिगचं भाडं चालूच.

वर आलेल्या बिटला शेरा द्यावा लागतो. आयएडीसी या ड्रिलिंग कंत्राटदारांच्या संघटनेच्या आठ रकान्यांच्या तक्त्यात एक रकाना बेअरिंगचा. सील शाबूत असेल तर ‘ई’, गेलं असेल तर ‘एफ’. आमचे टूलपुशर, म्हणजे रिगवरचे मुकादम, आसामचे, दुलियाजानकडे हात बसलेले. बिट धुऊन झालं की ते हातमोजा काढायचे, तळहाताने कोन दाबून फिरवायचे आणि कान जवळ न्यायचे. शाबूत कोन जड, सलग फिरतो. गेलेला कुरकुरतो, नाहीतर नुसताच भिरभिरतो. रेटला की मागच्या फटीतून राखाडी चिखल मिसळलेलं ग्रीस पाझरतं. त्यांनी तोंड वाकडं केलं की मी ‘एफ’ लिहायचो.

त्यातली काही बिटं आम्ही कापून पाहिली. फाटलेली सीलं थोडी. चपटी, कडक, चकाकणारी जास्त. म्हणजे वाळूच्याही आधी उष्णतेने घात केला होता.

तापलेलं रबर काय करील, हे ते कसं बसवलंय यावर ठरतं. ताणलेलं रबर तापवलं की आखडतं, आणि ताणताना स्वतःही तापतं. केंडलचे अंध अभ्यासक जॉन गॉफ रबराची पट्टी ओठांना लावून ताणत आणि तिची ऊब टिपत. ते निरीक्षण १८०५ मध्ये छापून आलं, पुढे १८५९ मध्ये जूलने त्याची नीट मोजमापं केली. म्हणून फिरत्या शाफ्टवर ओ-रिंग ताणून चढवत नाहीत. तापली की ती शाफ्टचा गळाच आवळते. बिटमध्ये ती खाचेत दाबून बसवतात. पण दाबलेलं रबर तापलं की फुगतं, पोलादाच्या दहापटीहून जास्त, आणि खाच आहे तेवढीच राहते. दाब वाढला की घर्षण वाढतं, घर्षणाने ते आणखी तापतं, तापून आणखी फुगतं. तासन्‌तास असं चेपलेलं राहिलं की रबर तोच आकार धरतं. निवल्यावर मूळपदावर येत नाही आणि तिथे फट पडते.

त्यात जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात. मड फिरत असतो तोवर बिटला थोडा गारवा. नवा पाइप जोडायला पंप थांबवला की तळ पुन्हा तापू लागतो. बिट एकदा खाली गेलं की वर येईपर्यंत सील कितीदा तरी तापतं, निवतं. नायट्राइलच्या जागी हायड्रोजनेटेड नायट्राइल आलं, त्याने तग वाढला. फ्लोरोरबर याहून जास्त उष्णता सोसतं, पण घासण्यापुढे लवकर हार मानतं.

आमच्या विहिरीत मधे बसाल्टचा थर होता. आपल्या सह्याद्रीचाच लाव्हा वाहत वाहत तिथवर पोचला, असं भूवैज्ञानिक मानतात. घर सोडून इतक्या लांब आलो तरी खोदायला काळा पाषाणच! तिथे कार्बाइडच्या दातांचं ट्रायकोनच हवं होतं, आणि नेमकं तेव्हा एका पुरवठादाराने चाचणीसाठी वेगळं सील दिलं. रबराच्या पाठीशी निटिनॉलची बारीक कडी आणि तिला रेटणारी स्प्रिंग. निटिनॉल म्हणजे निकेल-टायटॅनियमचा, आपला आकार लक्षात ठेवणारा मिश्रधातू. १९५९ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत तो सापडला. थंड असताना स्प्रिंग कडीला पुढे ढकलते, रबर शाफ्टवर घट्ट बसतं. ठरावीक तापमान ओलांडलं की कडी मूळ आकारात आखडते आणि फुगणाऱ्या रबराला जागा मिळते.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा टूलपुशर हिंदीत म्हणाले, “म्हणजे गरम झालं की अंग चोरणार? तशी माणसं आहेत माझ्याकडे, सील कशाला?”

बिट खाली गेलं. टॉर्कचा काटा शेवटपर्यंत शांत होता. वर आल्यावर त्यांनी तिन्ही कोन फिरवले, एक दोनदा फिरवला आणि काही न बोलता माझ्याकडे बघून मान हलवली. ‘ई’, तिन्हींना. कापून पाहिलं तर रबर गोल होतं, अंगावर चकाकी नव्हती. मात्र बाहेरच्या रांगेतले दात बसाल्टने असे झिजवले होते की भोक मापाला कमी पडलं होतं आणि ते पुन्हा रीम करावं लागलं. मला तरी ते सील पटलं. पण बेअरिंगचं आयुष्य दातांच्या पुढे नेऊन करायचं काय, हा टूलपुशरांचा प्रश्नही रास्त होता.

बसाल्टखाली शेल लागला. तिथे कृत्रिम हिऱ्याच्या दातांचं पीडीसी बिट लावलं. त्याला कोन नाहीत, बेअरिंग नाही, सीलही नाही. पुरवठादाराचा माणूस अहवालाची प्रत न्यायला आला तेव्हा ते सपाट्याने खाली चाललं होतं, आणि टूलपुशरांनी त्याला चहा पाजून आधी तेच दाखवायला नेलं.