डिकी बंद असताना

माझा उजवा कान हल्ली उंच सूर पकडत नाही. घरातलं बोलणं ऐकू येतं, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो, त्यामुळे इतरांना काही जाणवत नाही. पण गाडीचा मागचा स्पॉयलर उचलणारी छोटी मोटर शेवटच्या बोटभर अंतरात सूर बदलते, तो बदल मला आता ऐकू येत नाही. माझं सगळं निदान त्या बोटभर अंतरावर उभं होतं.

वेग वाढला की आपोआप वर येणारा स्पॉयलर रुसला, की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनर एकच गोष्ट सांगतो : ठरलेल्या वेळात टोक गाठल्याची खबर आली नाही. कारणं मात्र चार. सुकलेलं ग्रीस, घसरणारी लवचीक शाफ्ट, मेलेला लिमिट स्विच, नाहीतर वाटेत कुठेतरी दम तोडणारी तार. कंट्रोल युनिटला या चौघांत फरक करता येत नाही. कानाला येतो. ग्रीस सुकलं असेल तर मोटर पहिल्या क्षणापासून जड चालते आणि शेवटपर्यंत तेवढीच जड राहते. शाफ्ट घसरत असेल तर मोटर हलकी पळते आणि स्पॉयलरची एक बाजू मागे पडते. स्विच गेला असेल तर स्पॉयलर पूर्ण वर येतो, टोकाला ठोकर बसते आणि मग दिवा लागतो. तार कमकुवत असेल तर मोटर जोमात सुरू होते आणि भार येताच तिचा सूर खाली बसत जातो.

या चौथ्या कारणाने मला आयुष्यभर छळलं आहे. कूपेमध्ये स्पॉयलर डिकीच्या झाकणावर असेल तर त्याच्या तारा बिजागरीपाशी रबरी बूटमधून जातात. झाकण उघडताना-मिटताना तार दर वेळी त्याच जागी वाकते. वरचं आवरण शाबूत राहतं, आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. उरलेल्या दोन-चार धाग्यांवर मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवतो, कंटिन्युइटीचा बझरही वाजतो. मोटरने करंट मागितला की मात्र ते धागे पुरे पडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, तपासायला डिकी उघडली की तारेचा वाक बदलतो, तुटलेली टोकं एकमेकांना भिडतात आणि स्पॉयलर निमूटपणे वर येतो. झाकण लावून गाडी परत दिली की दिवा पुन्हा हजर. बघायला गेलं की लपणारा बिघाड हा या धंद्यातला सर्वांत हट्टी बिघाड आहे.

म्हणून मी डिकी बंद ठेवायचो, मदतनिसाला बटण दाबायला सांगायचो आणि पत्र्याला कान लावायचो. आसपासच्या गॅरेजवाले त्यासाठी मला बोलावून घ्यायचे. गिऱ्हाईक शेजारी श्वास रोखून उभं असायचं. ते उभं राहणं मला फार आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. खिशात मीटर असला तरी तो मी आधी काढत नसे. कान मंदावला तेव्हा कामाचं काय होईल या काळजीआधी, आता आपल्याकडे तसं कोण बघणार, ही खंत मनात आली.

आयटीआय करून आलेली एक मुलगी माझ्याकडे काम शिकते. अलीकडे एक जर्मन कूपे आली. तिचा स्पॉयलर १२० च्या वेगाला उघडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा १००, घाटात त्याहून कमी, म्हणजे नियमाने चालवणाऱ्याला तो तिथे कधी दिसायचाच नाही. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. मालकाला दिवा तिथे दिसला. मुलीने मागची सीट पाडली, मीटरची टोकं थेट मोटरच्या कनेक्टरला जोडली, आत आडवी झाली आणि मला डिकी लावायला सांगितली.

‘‘काका, बटण दाबा.’’

मी दाबलं. बारावरून काटा खाली आला, आठापाशी अडखळला, असं तिने आतून सांगितलं.

‘‘आवाज कसा होता?’’

‘‘आवाजाकडे लक्ष नव्हतं, मीटर बघत होते.’’

तिने रबरी बूट बोटांनी दाबला तसा काटा हलला. आवरण कापलं तर आत पावसाळ्याचं पाणी मुरून तांबं हिरवं पडलेलं. आम्ही जास्त धाग्यांची मऊ तार घातली आणि सोल्डरचे जोड वाकाच्या बाहेर काढले, कारण सोल्डरने तार ताठ होते आणि त्याच्या कडेलाच पुन्हा तुटते. काम चोख झालं. मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

क्लॅम्प मीटर लावला तर जड ग्रीससुद्धा करंटच्या आकड्यात दिसतं, हे मला कळतं. तरीही मी तिला पत्र्याला कान लावायला बसवतो. त्यात कामाची गरज किती आणि माझा वारसा मागे राहावा ही हाव किती, हे मला वेगळं करता येत नाही. ती ऐकते, आणि तिचा कान माझ्या उमेदीतल्या कानापेक्षा चांगला आहे.

माझा खरा राग दुसरीकडे आहे. हल्ली कोड वाचायचा आणि आख्खी असेंब्ली बदलायची, याला दुरुस्ती म्हणतात. जुनी तार तिथेच राहते आणि नवी मोटरही त्याच जागी थकते. त्याहून खालची पद्धत म्हणजे मोटरचा कनेक्टर काढून ठेवायचा आणि सॉफ्टवेअरमधून दिवा बंद करायचा. मालकाला वाटतं, बरं झालं, शोभेची तर वस्तू. ती शोभेची नाही. १९९८ मध्ये ऑडी टीटी आली तेव्हा तिच्या गोल पाठीवर स्पॉयलर नव्हता. मोठ्या वेगात मागची चाकं हलकी पडत. जर्मनीच्या ऑटोबानवर ताबा सुटून अपघात झाले, माणसं गेली. मग कंपनीने गाड्या परत बोलावल्या, मागे स्पॉयलर बसवला, ईएसपी दिलं, सस्पेन्शन बदललं. २००६ च्या दुसऱ्या पिढीत तोच स्पॉयलर पाठीत दडवून वेग वाढला की वर येणारा केला. त्या पट्टीमागे हा इतिहास आहे.

धंद्यातल्या भावांनो, तारेचा बिघाड सापडला नाही तर तसं सांगून गाडी परत द्या. फक्त दिवा विझवायचे पैसे घेऊ नका.